गाण्याची सनद

आशा भोसले यांनी २००५ साली, आपल्या बहात्तराव्या वाढदिवशी, गझलांचा एक अल्बम रसिकांपुढे ठेवला. त्यात आठ रचना होत्या आणि त्यांतली एकही नवी नव्हती. मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम आणि जगजितसिंग या चौघांनी आधी गाऊन लोकांच्या कानात कायमच्या बसवलेल्या अशा त्या रचना. संगीतकार सोमेश माथुर यांनी त्यांना नवा साज चढवला. तबला आणि सतार ठेवली, पण त्यांच्या शेजारी ड्रम, गिटार, सॅक्सोफोन आणि कीबोर्ड आणून बसवले. तबला-सारंगी कानावर पडली की आजची तरुण मुले दूर जातात, त्यांच्यापर्यंत गझल पोहोचली पाहिजे, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला.

आशाबाई मूळच्या आमच्या सांगलीकडच्या. १९३३ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीचे बिऱ्हाड सांगलीत होते. त्यामुळे या अल्बमविषयी आमच्या भागात आपुलकीने आणि म्हणूनच जरा तावातावाने बोलले जाते. मुशायऱ्यांना नेमाने जाणारी वडीलधारी मंडळी म्हणतात की गझलेला गिटार लावणे म्हणजे शेरवानीवर टाय बांधणे. तरुण म्हणतात की टाय बांधली म्हणून का होईना, शेरवानीकडे कोणी पाहिले तरी. एक बाजू शुद्धतेची, दुसरी प्रसाराची. दोन्ही बाजूंची माणसे गझलेवर मनापासून प्रेम करणारी आहेत. तरीही आम्हाला वाटते की दोघांनी धरलेले माप चुकीचे आहे. साज बदलला की नाही, किंवा श्रोते वाढले की नाही, यावरून या गोष्टीची नैतिक बाजू ठरत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या दुःखातून, दुसऱ्याच्या घरात जन्मलेले गाणे आपण आपल्या गळ्यात घेतो, तेव्हा आपल्यावर कोणते बंधन येते?

आधी शुद्धतेचा विचार करू. गझलेच्या मैफलीत हार्मोनियम असतोच, आणि त्याला कोणी परका म्हणत नाही. पण हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडला आणि पाद्र्यांबरोबर हिंदुस्थानात आला. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला आपल्या दारात उभे केले नाही, कारण तो आपल्या श्रुतींना न्याय देत नाही असे जाणकारांचे मत होते. आज तोच हार्मोनियम परंपरेचा पहारेकरी झाला आहे आणि सॅक्सोफोनला अडवतो आहे. खुद्द गझल तरी कुठली? अरबस्तानातून इराणात, इराणातून हिंदुस्थानात, आणि दख्खनमध्ये वलीसारख्या शायराच्या हाती आपल्या बोलीत. प्रत्येक मुक्कामावर तिने कपडे बदलले. कपडे बदलणे पाप असेल तर गझल जन्मापासूनच पापी आहे.

मिरजेत तर हे सांगायलाही नको. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये घडवणारी घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. स्वराज्याची धामधूम ओसरली, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे घडवायला घेतले. लोखंडाचा हात भोपळ्यावर चालू लागला. हा बदल लहान नव्हता, आणि त्या बदलातून जे निघाले त्याच्या जोरावर आज देशभरचे गवई आपला षड्ज लावतात. तेव्हा बदल हा गुन्हा नव्हे, एवढे मानून पुढे जाऊ.

आता प्रसाराची बाजू. जास्त लोकांनी ऐकले म्हणजे गाण्याचे भले झाले, असे म्हणणाऱ्यांनी थोडे अमेरिकेकडे पाहावे. तिकडे 'सोल' नावाचे संगीत आहे. सोल म्हणजे आत्मा, रूह. गुलामगिरीतून आलेल्या काळ्या माणसांनी आपल्या चर्चमध्ये जी प्रार्थनागीते गायली, त्यांच्यातून ते १९५० नंतरच्या काळात बाहेर पडले. १९५४ साली रे चार्ल्स यांनी एका धार्मिक गाण्याच्या चालीवर प्रेमाचे शब्द बसवले, तेव्हा त्यांच्याच समाजातले श्रद्धाळू संतापले. देवाच्या दारचे गाणे बाजारात नेले, अशी ती तक्रार होती. कव्वाली दर्ग्यातून सिनेमात गेली तेव्हा आपल्याकडे जे बोलले गेले, तेच हे बोलणे.

पुढे अरेथा फ्रँकलिन या पाद्र्याच्या मुलीने ओटिस रेडिंग यांचे १९६५ सालचे एक गाणे १९६७ मध्ये नव्याने गायले. मूळ गाण्यात घरी परतलेला पुरुष बायकोकडे मान मागतो. अरेथांनी तेच शब्द थोडे फिरवले आणि मान मागणारी स्त्री झाली. त्या एका फिरवण्याने ते गाणे काळ्या माणसांच्या आणि स्त्रियांच्या चळवळीचे गाणे बनले. त्याच वर्षी एका मोठ्या जलशात रेडिंग यांनी हे गाणे गाताना, ते एका मुलीने आपल्याकडून पळवून नेल्याचे हसत हसत सांगितले. हसत का होईना, घेणारी आणि देणारा एकमेकांना ओळखत होते. कोणाचे कोणाकडे गेले हे ऐकणाऱ्यालाही कळत होते.

हीच गोष्ट चाळीस वर्षांनी पाहा. २००३ साली जॉस स्टोन या इंग्लंडमधल्या सोळा वर्षांच्या मुलीने जुन्या सोल गाण्यांचा अल्बम केला. मायामीतले जुने वादक आणि गायिका बेटी राइट यांना तिने सोबत घेतले. २००६ मध्ये एमी वाइनहाउस या लंडनच्या गायिकेचा जुन्या सोलच्या वळणाचा अल्बम आला आणि त्याने तिला पाच ग्रॅमी पारितोषिके मिळवून दिली. त्या अल्बमच्या बऱ्याच गाण्यांत जे वादक वाजवत होते, ते मूळचे शेरॉन जोन्स या काळ्या गायिकेच्या साथीचे. शेरॉनबाईंनी कधी तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली, आणि त्यांचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. वादक तेच, वळण तेच. जगाला मात्र पहिले नाव ठाऊक झाले, दुसरे फार थोड्यांना. एमीचा गळा खरा होता आणि तिचे दुःखही खरे होते, याबद्दल कोणी शंका घेणार नाही. प्रसारही भरपूर झाला. तरीही कुठेतरी हिशेब चुकला असे मनाला वाटत राहते. ज्यांच्या अंगणात झाड वाढले त्यांच्या ओंजळीत फळे कमी पडली.

म्हणजे शुद्धता हे माप नव्हे आणि प्रसार हेही पुरते माप नव्हे. मग माप कोणते? ते आम्हाला आमच्याच घरातल्या एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे सनद.

सातारा-सांगलीच्या वाचकाला सनद हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. छत्रपतींच्या आणि पटवर्धनांच्या दप्तरांत सनदांचे रुमाल बांधून ठेवलेले असत. देवळाला, दर्ग्याला, काझीला, कुलकर्ण्याला इनाम दिल्याचा कागद म्हणजे सनद. ही मालकीची सनद झाली. पण मदरशात हाच शब्द वेगळ्या अर्थाने शिकवतात. अरबीत सनद म्हणजे आधार, टेकण. हदीस सांगताना नुसता मजकूर सांगून भागत नाही. मी हे अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, त्याने त्याच्या उस्तादाकडून, अशी साखळी पैगंबरांपर्यंत न्यावी लागते. ही साखळी म्हणजे सनद. मजकूर कितीही सुंदर असो, मधली एक कडी गळालेली असली की विद्वान त्या हदीसला जईफ म्हणतात, कमजोर म्हणतात. सांगणारा त्या मजकुराचा मालक नसतो. तो ज्याच्याकडून आला त्याचे नाव घेण्याला तो बांधलेला असतो.

गाण्याला पहिली सनद लागू होत नाही. गाणे कोणाच्या नावावर सातबाऱ्यात चढत नाही. कॉपीराइटचा कायदा आहे आणि तो असावाही, पण साठ वर्षांपूर्वी निधन पावलेल्या कवीचे हक्क संपले म्हणजे त्याचे आपल्यावरचे ऋणही संपले असे नाही. गाण्याला दुसरी सनद लागते. ते कोणाचेही होऊ शकते, फक्त ते कोणाकोणाच्या हातून आले हे पुसले जाता कामा नये.

आमच्याकडे लग्नकार्यात शेजारच्या घरातून डेग, परात, जग आणण्याची रीत आहे. असे वापरायला आणलेले भांडे म्हणजे शरीयतच्या भाषेत आरियत. ते वापरावे, त्यात बिर्याणी शिजवावी, शंभर माणसे जेवू घालावीत, त्यात काही गैर नाही. पण कार्य उरकले की ते घासूनपुसून ज्याचे त्याच्या घरी गेले पाहिजे. म्हणून तर आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. ढीगभर भांड्यांतून आपले कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते हे त्या कोरलेल्या अक्षरांवरून कळते.

जुन्या कवींनी नेमके हेच केले होते. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपले तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या अखेरीस संत आपली नाममुद्रा ठेवतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही ती ठेवली. लावणीच्या शेवटी शाहिराचे नाव येते. पेशवाईतले सगनभाऊ हे जातीने मुसलमान आणि धंद्याने शिकलगार. त्यांच्याही लावण्यांत त्यांचे नाव कोरलेले असे. ख्यालाच्या बंदिशीत सदारंगाचे नाव सापडते. कागद नव्हता, छापखाना नव्हता, तेव्हा गाणे तोंडातोंडी फिरणार आणि नाव गळणार हे या लोकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ते गाण्याच्या आतच कोरले. यंत्र आले तेव्हाही ही गरज पडली. १९०२ पासून गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांच्या शेवटी त्या मोठ्याने इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या कारागिरांना हे कोणाचे गाणे हे कळायला दुसरी सोय नव्हती. यंत्रासाठी म्हटलेला तो मक्ताच.

आता आशाबाईंच्या अल्बमकडे परत येऊ आणि त्याला हे माप लावू.

पहिली गोष्ट म्हणजे उधार घेणाऱ्याने भांडे हाताळायला शिकले पाहिजे. मंगेशकर भगिनींनी या बाबतीत कसूर केली नाही. दिलीपकुमार यांनी मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो असा टोमणा मारला, तेव्हा लताबाईंनी मौलवींकडे उर्दूची शिकवणी धरली, हा प्रसंग त्या स्वतः कौतुकाने सांगत. 'उमराव जान'च्या वेळी, १९८१ साली, खय्याम यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या सुराहून खाली गायला लावले. तोवर कॅबरेच्या आणि पॉपच्या गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गायिकेने तो आग्रह मानला आणि त्या गझलांसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. १९८३ मध्ये गुलाम अलींच्या सोबतीने त्यांनी 'मेराज-ए-गझल' केला. म्हणजे २००५ चा अल्बम हा कोणा उपऱ्याने मारलेला डल्ला नव्हता. चोवीस वर्षे त्या दारात ये-जा केलेल्या माणसाने मागून घेतलेली ती वस्तू होती. आणि ज्यांच्याकडून घेतली त्या चौघांना हा अल्बम उघडपणे अर्पण होता. इथवर सनद ठीक आहे.

यात आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. त्या चौघांपैकी तिघे सरहद्दीपलीकडचे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जगजितसिंग यांच्या स्मरणार्थ गुलाम अलींचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. तो राजकीय विरोधामुळे रद्द झाला, पाठोपाठ पुण्याचाही. ज्या शहरात त्यांची गझल रिक्षात वाजते, तिथे त्यांना स्वतःला गाता आले नाही. गाणे चालते, माणूस चालत नाही, असा हा न्याय. गाण्यावरून माणसाचे नाव खरवडून काढले की असे म्हणणे सोपे होते. सनदीचा आग्रह हा पंडितांचा छंद नाही, हे अशा वेळी कळते. नाव घेणे म्हणजे त्या माणसाचे असणे मान्य करणे. सांगलीच्या मातीतल्या गायिकेने वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती नावे मोठ्याने घेतली, हे आम्ही विसरू नये.

पण सनद चौघांवर थांबत नाही. चौघांच्या मागे आणखी माणसे आहेत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात हसरत मोहानींचे नाव काढले तर मुले कोऱ्या चेहऱ्याने पाहतात. 'चुपके चुपके' म्हटले की अर्धा वर्ग गुणगुणू लागतो. ही कोणाची, असे विचारले तर उत्तर येते, गुलाम अलींची. कोणी म्हणतो, 'निकाह' पिक्चरमधली. ती हसरत मोहानींची आहे. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा देशाला देणारे, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडणारे, तुरुंगात चक्की पिसणारे आणि पुढे घटना समितीत बसणारे ते मौलाना. एवढा करारी माणूस इतकी हळवी गझल लिहू शकतो, हे कळल्यावर मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती नुसत्या चालीने येत नाही. गाण्यातून कवीचे नाव गळले तेव्हा नुसते एक नाव गळले नाही; क्रांतिकारकालाही प्रेम करता येते हे ज्ञान गळले. मूळ गझल लांब असते, गायक त्यातले मोजके शेर घेतो, आणि त्या निवडीत मक्ता राहून गेला की शायराची सही जाते. मग गझल 'गुलाम अलींची' होते, आणि पुढे ज्याने ती रिमिक्स केली त्याची.

अहमद फराज यांच्या 'रंजिश ही सही'चे तर याहून पुढे गेले. मेहदी हसन यांनी ती गाताना तालिब बागपती यांचे दोन शेर तिच्यात मिसळले. गाणे इतके लोकप्रिय झाले की आज बहुतेक श्रोते ते शेरही फराज यांचेच समजतात. हदीसच्या शास्त्रात असे मागून मिसळलेल्या मजकुराला मुदरज म्हणतात आणि तो वेगळा काढून दाखवणे हे विद्वानाचे काम मानतात. मेहदी हसन यांनी चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. मैफलीत असे शेर जोडण्याची रीत जुनीच आहे आणि जोडही सुंदर बसली आहे. पण त्यामुळे बिचारे बागपती आपल्याच शेरांच्या घरात पाहुणे झाले.

सारंगीचाही हिशेब आहेच. तरुणांना सारंगी आवडत नाही म्हणून ती मागे सरली, हे कारण पुरते प्रामाणिक आहे. पण सारंगी आपण होऊन मागे सरत नाही. तिच्याबरोबर ती वाजवणारी घराणी मागे सरतात. त्यांतली बहुसंख्य मुसलमान, पिढ्यान्पिढ्या कोठीवर आणि मैफलीत साथ करत आलेली, आणि ज्यांचे नाव तबकडीवर क्वचितच छापले गेले अशी. गझलेला गिटार लावणारा गुन्हेगार नाही. मात्र त्या गिटारवर मिळालेल्या टाळ्यांतला काही वाटा ज्याच्या सुरांनी गझलेला हा हुंदका शिकवला त्या सारंगियाचा आहे, हे त्याने विसरू नये.

इथे आमचेच काही बांधव विचारतील की गाणे-बजावणे मुळात जायज आहे काय, ते आधी सांगा. नसेल तर त्याची सनद कशाला शोधता? प्रश्न खरा आहे आणि आमच्या मोहल्ल्यांत तो दर रमजानला निघतो. त्याचा निकाल देण्याचा अधिकार आमचा नाही. एकाच घरात एक भाऊ कव्वालीला बसतो आणि दुसरा उठून जातो, हे आम्ही पाहतो आणि दोघांचाही आदर करतो. पण अमानत ज्याची त्याला परत करा, हा सूरह निसामधला आदेश गाणाऱ्याला आणि न गाणाऱ्याला सारखाच आहे. गाणे ऐकू नये असे मानणाऱ्यानेही हसरत मोहानींची गझल दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणे योग्य मानता येणार नाही.

ही सनद नव्या जमान्यात टिकते का? मिरज त्याला साक्ष आहे. किराना गावाहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गात राहिले, कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणली आणि मराठी नाट्यपदेही गायली. १९३७ साली मद्रासकडच्या एका रेल्वे स्टेशनावर त्यांचा अंत झाला आणि दफन मिरजेत, त्याच दर्ग्याच्या सावलीत झाले. कुटुंब दुरावले होते. मुलांनी आईचे नाव लावले, घरातली नावे बदलली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर या नावांवरून बापाचे नाव कळण्याची सोय उरली नाही. कागदावरची साखळी तुटली, गळ्यातली तुटली नाही. त्या दोघांचा पहिला स्वर लागला की जाणकार म्हणत, किराना. आणि गदगकडचा भीमसेन नावाचा पोरगा एका दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून घर सोडून निघाला, गुरू शोधत गावोगाव भटकला आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांच्या दारात पोहोचला. तबकडी हे यंत्रच होते, बाजारातला माल होता. तरी तिने साखळी तोडली नाही, उलट जोडली. कारण ऐकणाऱ्याने विचारले की हे कोण गाते आहे, आणि तो शोधायला उठला. आजही मीरासाहेबांच्या उरुसात गवई खाँसाहेबांच्या नावाने हजेरी लावतात, आणि उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात.

साताऱ्याकडे मात्र हीच साखळी बारीक झालेली दिसते. वाईच्या यमुनाबाई वाईकर, १९१५ ते २०१८ असे शतकभराचे आयुष्य. लावणी ज्या घरांतून आली त्या घरांपैकी एका घरातली ही बाई, बैठकीच्या लावणीचे अदा आणि गाणे दोन्ही अंगात भिनलेले. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. तोवर सिनेमातली लावणी महाराष्ट्रभर पोहोचली होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली जात होती. पोहोचलेल्या लावणीने यमुनाबाईंचा पत्ता किती जणांना सांगितला? तो सांगितला असता तर नव्वदीपर्यंत वाट पाहावी लागली नसती असे वाटते. सिनेमाच्या लावणीवर आमचा राग नाही. तिने भांडे वापरले आणि नाव वाचले नाही, एवढीच तक्रार आहे.

म्हणून आम्ही आता वर्गात गझल ऐकवली की मुलांना वहीत तीन नावे लिहायला सांगतो. पहिले ज्याने लिहिली त्याचे, दुसरे ज्याने पहिल्यांदा मनात बसवली त्याचे, तिसरे आज जो गातो आहे त्याचे. फराज, मेहदी हसन, आशा भोसले. मुले आधी कंटाळतात. मग त्यांतलीच एखादी मुलगी विचारते, "सर, मक्ता कुठंय? यात शायराचं नाव का नाही?" तो प्रश्न आला की शिकवणे सार्थकी लागते. तिला गिटार आवडते की सारंगी, हा तिचा प्रश्न आहे; त्यात आम्ही पडत नाही.

आशाबाईंचा अल्बम या मापावर अर्धा उतरतो, असे आमचे मत आहे. घेणारीने विद्या कमावून घेतले आणि देणाऱ्यांची नावे मोठ्याने घेतली, हे पुष्कळ झाले. राहिलेला अर्धा भाग, म्हणजे शायरांची आणि सारंगियांची नावे, हे एका गायिकेचे काम नाही. ते ऐकणाऱ्यांचे काम आहे. जुनी गझल नव्या साजात कानावर आली तर साज आवडला की नाही हे सावकाश ठरवावे. आधी ही कोणाची आणि आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली, एवढे विचारावे, आणि उत्तर मिळाले की ते शेजारी बसलेल्याला सांगावे.